ज्या पत्रांना मी उत्तरे लिहीत होते, ती कधी आलीच नव्हती

मंदज्योत (मूळ लेखन)

गेला दीड महिना मी हा मजकूर लिहीत आणि खोडत आले आहे. ज्या व्यक्तीविषयी लिहायचे आहे तिची ओळख पटू नये एवढी काळजी घेऊन, पण जे घडले त्यात पदरचे काहीही न घालता, आज तो येथे ठेवते आहे.

माझी एक मैत्रीण आहे. ‘आहे’ लिहावे की ‘होती’, हे अजून ठरत नाही, म्हणून ‘आहे’ असेच राहू देते. मैत्री चौदा वर्षांची, आणि त्यातली शेवटची सहा वर्षे आम्ही दोघींनी मिळून एका पुस्तकावर काम केले. लहान मुले वाचायला कशी शिकतात, हा त्याचा विषय. निरीक्षणे दोघींची, लेखन बहुतांशी माझे आणि प्रकाशनसंस्थेशी पत्रव्यवहार तिचा, अशी वाटणी न बोलताच होऊन गेली होती, कारण अनोळखी माणसांशी संवाद साधणे तिला सहज जमते आणि मला फार जड जाते. हस्तलिखित पूर्ण झाल्यावर ते पाठवण्याचे काम तिनेच घेतले. ‘पाठवले’ असा तिचा निरोप आला तो दिवस मला नेमका आठवतो, कारण त्या रात्री मला कित्येक महिन्यांनंतर गाढ झोप लागली होती.

चार महिन्यांनी तिने सांगितले की संपादकांचे उत्तर आले आहे. त्यांनी हस्तलिखित एका जाणकाराला वाचायला दिले होते आणि त्या वाचकाने काही आक्षेप नोंदवले होते. तिने ते मुद्दे उतरवून मला दिले. दुसऱ्या प्रकरणातील सगळी उदाहरणे एकाच वयाच्या मुलांची आहेत. चौथ्या प्रकरणातील निष्कर्ष निरीक्षणांच्या पुढे धावतो. ज्या मुलांना वाचन जमलेच नाही त्यांच्याविषयी लेखिका गप्प का आहेत? आक्षेप झोंबणारे होते, पण खरे होते. मी पाच महिने त्यांवर काम केले. मग दुसरे पत्र आले, मग तिसरे. अडीच वर्षांत मी दोन प्रकरणे मुळापासून पुन्हा लिहिली आणि एक पूर्ण काढून टाकले. त्या न पाहिलेल्या वाचकाचा मला कधी राग येई, पण हळूहळू मनात आदरच अधिक वाढत गेला, कारण माझे लेखन इतक्या बारकाईने आजवर कोणीच वाचले नव्हते. अखेर त्या वाचकाचे आभार मानावेत असे वाटले, म्हणून मैत्रिणीला न विचारता मी थेट संपादकांना पत्र लिहिले. तीन ओळींचे उत्तर आले. या शीर्षकाचे कोणतेही हस्तलिखित आमच्याकडे आलेले नाही, आपला काही गैरसमज झालेला दिसतो.

मी तिला विचारले. पहिल्या दिवशी ती म्हणाली की त्यांच्या नोंदींत घोटाळा असेल. दुसऱ्या दिवशी ती स्वतः घरी आली आणि तिने सगळे सांगितले. हस्तलिखित तिने पाठवलेच नव्हते. ज्या दिवशी पाठवायचे होते त्या दिवशी तिने ते शेवटचे म्हणून एकदा वाचले, ते कच्चे आहे असे तिला वाटले, मला हे कसे सांगावे ते सुचेना, आणि तोवर ‘पाठवले’ हा निरोप तिच्या हातून गेलेला होता. पुढची सगळी पत्रे तिनेच रचलेली होती.

यात पैशाचा संबंध नाही. माझे लेखन तिने स्वतःच्या नावावर खपवले नाही. ज्यांना हे सांगितले त्या सगळ्यांनी ‘तिला यातून मिळाले काय?’ असे विचारले, आणि जणू त्यामुळे दुखण्याचे कारणच उरत नाही अशा सुरात विचारले. मला अडीच वर्षे वाया गेल्याचे तितके दुःख नाही. मी आजारी असताना ती माझ्या उशाशी बसून दुसरे पत्र मोठ्याने वाचत होती, त्यातला सूर पहिल्यापेक्षा अनुकूल आहे म्हणून आम्ही दोघी आनंदलो होतो, आणि तिचे डोळे भरून आले होते. त्या डोळ्यांतल्या पाण्याचे आता मी काय समजू? माझ्याकडे चौदा वर्षांच्या आठवणी आहेत आणि प्रत्येक आठवण पुन्हा हातात घेऊन ती खरी की खोटी हे तपासावे लागते आहे.

आणखी एक गोष्ट आहे, जी सांगताना मला अवघडायला होते. ते आक्षेप बरोबर होते. पुस्तक त्यांच्यामुळे सुधारले आहे.

ज्यांना असे काही अनुभवावे लागले असेल त्यांनी कृपया लिहावे.

तर्कनिष्ठ

आपल्या दुःखाविषयी सहानुभूती आहे, तरीही एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. अडीच वर्षांत मूळ पत्र पाहावे असे आपल्याला एकदाही का वाटले नाही? प्रत्येक वेळी तिने ‘उतरवून’ दिलेले मुद्देच आपण स्वीकारलेत. माझ्या मते विश्वास आणि डोळेझाक यांत फरक असतो, आणि तो फरक न केल्याची थोडी जबाबदारी विश्वास ठेवणाऱ्यावरही येते. एक साधी चौकशी पहिल्या महिन्यातच हे सगळे थांबवू शकली असती. हे दोष देण्यासाठी लिहीत नाही. पुन्हा असे होऊ नये यासाठी कोठे चुकले हे पाहणे आवश्यक आहे, एवढेच म्हणणे आहे.

मंदज्योत

आपला प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे. मूळ पत्र मागावे असे मला वाटले नाही, याचे कारण असे की ते मागणे म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखवणे, असाही विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. शंका आली आणि मी ती दाबली असे काही घडले नाही. शंका आलीच नाही.

शोधयात्री

तर्कनिष्ठ, आपला प्रश्न रास्त वाटतो, पण ‘सावध माणसाच्या हे लक्षात आले असते’ असे जे त्यात गृहीत धरले आहे त्याला अभ्यासाचा आधार मिळत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

चार्ल्स बाँड आणि बेला डिपाउलो यांनी २००६ मध्ये खोटे ओळखण्याविषयीच्या शेकडो प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. त्या प्रयोगांत मिळून चोवीस हजारांहून अधिक लोकांनी समोरची व्यक्ती खरे बोलते आहे की खोटे, याविषयी निर्णय दिले होते. त्यांपैकी सरासरी ५४ टक्के निर्णय बरोबर ठरले. नाणे उडवून निर्णय घेतला असता तर ५० टक्के बरोबर ठरले असते. म्हणजे आवाज, नजर आणि हावभाव यांवरून खोटे ओळखण्याची जी शक्ती आपल्याकडे आहे असे आपण मानतो, ती जवळजवळ नाहीच. टिमथी लेव्हिन या संवादशास्त्राच्या अभ्यासकाने २०१४ मध्ये याची उपपत्ती मांडली. माणसाचे मन समोरचे बोलणे खरे आहे असे धरूनच चालते, आणि एखादे ठळक कारण पुढे आल्याशिवाय ते धोरण सोडत नाही. त्यांच्या मते हा मनाचा दुबळेपणा नाही. असे नसते तर कोणाकडून काही शिकता आले नसते, कोणाबरोबर काम करता आले नसते आणि साधे संभाषणही पुढे सरकले नसते.

जवळच्या नात्यात तर हे अधिकच खरे असते. स्टीव्हन मॅककॉर्नॅक आणि माल्कम पार्क्स यांनी १९८६ मध्येच असे मांडले होते की नाते जितके जवळचे, तितका ‘मला हिचे खोटे लगेच कळेल’ हा आत्मविश्वास वाढतो, आणि त्या आत्मविश्वासाबरोबर समोरच्याला खरेच मानण्याचा कलही वाढत जातो. परिणामी प्रत्यक्षात खोटे ओळखणे अधिक अवघड होते. धागाकर्तींना शंका आली नाही, कारण चौदा वर्षांच्या नात्याने ती येण्याची जागाच ठेवली नव्हती.

माझ्या क्षेत्रातले एक उदाहरण देतो, कारण त्याचे या प्रसंगाशी फार साम्य आहे. नेदरलँड्समधील टिलबर्ग विद्यापीठातील सामाजिक मानसशास्त्रज्ञ डिडरिक स्टापेल यांनी वर्षानुवर्षे प्रयोगांची आकडेवारी स्वतः रचली होती, हे २०११ मध्ये उघडकीस आले. त्यांचे पन्नासहून अधिक शोधनिबंध मागे घेतले गेले. मला त्या संख्येपेक्षा त्यांच्या विद्यार्थ्यांची गोष्ट अधिक अस्वस्थ करते. शाळांमध्ये जाऊन माहिती गोळा केली असे सांगून ते तयार आकडे विद्यार्थ्यांच्या हाती देत, आणि विद्यार्थी त्या आकड्यांवर रात्रंदिवस खपून आपले प्रबंध लिहीत. चौकशी समितीच्या अंतिम अहवालानुसार असे दहा प्रबंध त्या बनावट आकड्यांवर उभे होते. विश्लेषण खरे, कष्ट खरे, उमेद खरी, आणि ज्यावर हे सगळे उभे होते ती जमीनच तेवढी नव्हती. हे पकडले कोणी? अनुभवी सहकाऱ्यांनी नव्हे, तीन तरुण संशोधकांनी, आणि तेही आकडेवारीत काहीतरी पाणी मुरते आहे हे लक्षात आल्यावर बराच काळ शांतपणे पुरावे जमवून. ज्यांचा व्यवसायच शंका घेणे हा आहे, त्यांना इतकी वर्षे लागली. मैत्रिणीकडून मूळ पत्र मागितले नाही म्हणून कोणाला बोल लावताना हे ध्यानात ठेवावे, एवढीच विनंती.

अर्धविराम

ऍनेट बायर या तत्त्वज्ञ विदुषींनी १९८६ मध्ये एक भेद मांडला होता, तो येथे फार उपयोगी पडेल. एखाद्या वस्तूवर किंवा व्यक्तीच्या सवयीवर आपण विसंबतो तेव्हा ती अपेक्षेप्रमाणे वागली नाही तर आपली निराशा होते. घड्याळ बंद पडले तर आपण हळहळतो, पण घड्याळाने दगा दिला असे मनापासून कोणी म्हणत नाही. विश्वास त्याहून निराळा असतो. त्यात आपण समोरच्याच्या सद्भावनेवर विसंबतो आणि आपल्याला इजा करता येईल अशी जागा जाणूनबुजून त्याच्या हाती देतो. म्हणून विश्वास मोडला की निराशेपलीकडचे काहीतरी घडते, आणि त्याला मराठीत ‘घात’ हा शब्द आहे. ‘तिला मिळाले काय?’ असे विचारणाऱ्यांचा गोंधळ येथेच होतो. ते नुकसान मोजत आहेत, आणि धागाकर्ती घाताविषयी बोलत आहेत.

‘नरो वा कुंजरो वा’ हे आपण अर्धसत्यासाठी सर्रास वापरतो, पण त्या प्रसंगातील एक बाब सहसा नजरेआड होते. अश्वत्थामा मारला गेला ही आरोळी द्रोणांनी आधीच ऐकली होती आणि तिच्यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता. त्यांनी मुद्दाम युधिष्ठिराला विचारले, कारण जो कधीच खोटे बोलत नाही असा तो एकटाच त्यांना ठाऊक होता. समोर सगळे शत्रुसैन्य उभे असताना ज्याच्या शब्दावर शस्त्र खाली ठेवता येईल असा एकच माणूस, आणि नेमका त्याचाच शब्द वापरला गेला. विश्वासघाताचे साधन नेहमी विश्वासच असतो. परक्या माणसाने ती तीन पत्रे आणून दिली असती तर धागाकर्तींनी ती पारखून घेतली असती.

पारिजात

मी या विषयावर कधी लिहिले नाही. आज लिहिते.

माझी आई गेली त्याला आता नऊ वर्षे झाली. तिचा आजार बरा होणारा नाही हे तिच्या मृत्यूच्या सात महिने आधी निश्चित झाले होते. माझ्या थोरल्या बहिणीला ते माहीत होते. मी दूर होते, माझे शिक्षणाचे शेवटचे वर्ष होते, आणि ताईने ठरवले की मला कळवायचे नाही. मी दर दोन दिवसांनी विचारत असे आणि ताई दर दोन दिवसांनी सांगत असे की तपासण्यांचे निष्कर्ष चांगले आहेत, अशक्तपणा आहे, हळूहळू भरून येईल. मी परीक्षा संपवून पोहोचले तेव्हा आईला बोलता येत नव्हते. मला तिच्याबरोबर अकरा दिवस मिळाले.

सगळे नातेवाईक म्हणतात की ताईने हे माझ्या भल्यासाठी केले, आणि ते खरे आहे. तिच्या मनात दुसरे काही नव्हते याची मला खात्री आहे. ते सात महिने तिने एकटीने काढले, माझ्याशी बोलताना आवाज कापू दिला नाही, हे किती कठीण गेले असेल याचीही मला कल्पना आहे. पण माझ्या आईच्या शेवटच्या सात महिन्यांचे मी काय करायचे, हा निर्णय माझा होता. तो माझ्यासाठी दुसऱ्या कोणीतरी घेतला, आणि घेतला गेला आहे हेही मला कळू दिले नाही. सिसेला बॉक यांनी १९७८ मध्ये खोट्याच्या नीतीविषयी लिहिताना असे म्हटले आहे की खोटे बोलणाऱ्याला आपला हेतू दिसतो आणि फसवल्या गेलेल्याला त्याचा परिणाम भोगावा लागतो, म्हणून खोट्याचा विचार फसवल्या गेलेल्याच्या जागी उभे राहून करावा. मी वर्षानुवर्षे ताईच्या हेतूकडे पाहत राहिले आणि मला राग येतो याचीच लाज बाळगत राहिले. बॉक यांचा तो विचार वाचल्यानंतर प्रथमच वाटले की मला जे वाटते ते कृतघ्नपणा नाही.

डिपाउलो यांच्या गटाने २००४ मध्ये गंभीर खोट्यांचा वेगळा अभ्यास प्रसिद्ध केला होता. माणसाच्या आयुष्यातील सर्वांत गंभीर खोटी बहुधा अगदी जवळच्या माणसांशीच बोललेली असतात, असे त्यात आढळले. मला त्याचे आश्चर्य वाटले नाही. परक्याला आपण इतके जपत नाही.

मंदज्योत, आपल्या उशाशी बसलेल्या मैत्रिणीच्या डोळ्यांतल्या पाण्याविषयी आपण विचारले आहे. माझी ताई दूरध्वनीवर हसत असे, ते हसणे मला अजून ऐकू येते. ते खोटे होते असे मी म्हणू शकत नाही, आणि खरे होते असेही म्हणू शकत नाही.

तर्कनिष्ठ

शोधयात्री आणि पारिजात यांचे लेखन वाचून माझ्या पहिल्या प्रतिसादातील ‘जबाबदारी’ हा शब्द मी मागे घेतो. तो येथे लागू नव्हता. पुढील व्यवहारांत कागद पाहून घ्यावेत हे माझे मत कायम आहे, पण ते व्यवस्थेविषयीचे मत आहे, आणि ते कोणाच्या जखमेपाशी उभे राहून सांगायचे नसते.

दुसरी बाजू

मी बराच वेळ विचार करून लिहितो आहे, कारण या धाग्यात माझी जागा धागाकर्तींच्या बाजूची नाही. मी खोटे बोललेलो आहे.

तपशील देत नाही, पण स्वरूप सांगतो. एका सहकाऱ्याने, जो मला धाकट्या भावासारखा होता, एका महत्त्वाच्या अर्जासाठी माझ्याकडे शिफारसपत्र मागितले. अंतिम मुदतीच्या आदल्या संध्याकाळी त्याने विचारले, आणि मी ‘पाठवले’ म्हणालो. पाठवलेले नव्हते, पण सकाळी उठून पाठवणार होतो, त्यामुळे त्या क्षणी ते मला खोटे वाटलेच नाही. काही तासांची उसनवारी वाटली. सकाळी घरात एक अडचण आली आणि मुदत टळली. त्यानंतर खरे सांगण्याची प्रत्येक संधी आदल्या संधीपेक्षा महाग होत गेली. आज सांगायचे तर फक्त विसरलो एवढेच कबूल करावे लागले असते. उद्या सांगायचे तर विसरलो आणि काल खोटे बोललो हेही. आठवड्याने सांगायचे तर त्या आठवड्यात त्याला दिलेला धीर, ‘त्यांना वेळ लागतो’ हे समजावणे, सगळेच कबूल करावे लागले असते. वेळ मारून नेणे हा शब्दप्रयोग किती अचूक आहे हे मला तेव्हा कळले. मी रोज एक दिवस मारत होतो.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. बरणीत नाणी किती आहेत याविषयी जोडीदाराला सल्ला देताना लोकांना स्वतःच्या फायद्यासाठी खोटे बोलण्याची संधी दिली होती, आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूतील अमिग्डला या भावनांशी संबंधित भागाची प्रतिक्रिया मोजली होती. सुरुवातीच्या खोट्यांना तो भाग तीव्र प्रतिसाद देत होता. खोटे पुन्हा पुन्हा बोलले गेले तसा तो प्रतिसाद मंदावत गेला आणि खोट्याचा आकार वाढत गेला. मी ते वाचले तेव्हा मला स्वतःचीच नोंद वाचल्यासारखे झाले. पहिल्या आठवड्यात मला जेवण जात नव्हते. दुसऱ्या महिन्यात मी त्याच्याशी सहज बोलू लागलो होतो, आणि आता मला त्या सहजपणाचीच सर्वाधिक लाज वाटते.

आपल्या मैत्रिणीची बाजू मांडण्यासाठी हे लिहीत नाही. मला एवढेच सांगायचे आहे की तिच्या डोळ्यांतले पाणी खोटे नसण्याची शक्यता आहे. मी त्याला धीर देत होतो तेव्हा मला त्याची खरोखर काळजी वाटत होती. ज्या माणसाला मी फसवत होतो त्याच्याविषयीचे माझे प्रेम त्या सगळ्या काळात कमी झाले नव्हते. हे सांगून मी स्वतःला हलके करून घेत नाही, कारण माझ्या मते यामुळे गोष्ट अधिक वाईट होते. प्रेम होते आणि तरीही मी ते केले.

त्याला कळले ते माझ्याकडून नव्हे. तो माझ्याशी एकदाच बोलला आणि म्हणाला, “तू विसरलास हे सांगितले असतेस तर मी त्या दिवशी रडलो असतो आणि दुसऱ्या दिवशी तुझ्याकडेच आलो असतो.” त्यानंतर आमचे बोलणे नाही.

मंदज्योत

दुसरी बाजू, आपण हे लिहिलेत याबद्दल मी आपली ऋणी आहे, आणि वाचून मला रागही आला, हे दोन्ही सांगणे मला भाग आहे. ‘काही तासांची उसनवारी’ हे वाचताना मला तिचा तो पहिला निरोप प्रथमच तिच्या बाजूने दिसला. पण अडीच वर्षांचा हिशोब मला त्या पहिल्या निरोपाशी जुळवता येत नाही. मुदत चुकल्याचे लपवणे मी समजू शकते. कागद घेऊन बसणे, एका नसलेल्या वाचकाचा स्वभाव ठरवणे, त्याला एक ठाम भाषा देणे, आणि माझे उत्तर आल्यावर त्या वाचकाचे थोडे समाधान झाले आहे असे दाखवणे, याला वेळ लागला असेल, विचार लागला असेल. ती माझ्याबरोबर काम करत होती त्याच वेळी ती माझ्यावरही काम करत होती.

आणि तिला हस्तलिखित कच्चे वाटले होते, हे ती मला सांगू शकली नाही, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते. चौदा वर्षांच्या मैत्रीत तिला माझी इतकी भीती का वाटावी? तिने सरळ सांगितले असते तर मी दुखावले असते, कदाचित आठवडाभर बोलले नसते. पण तेच आक्षेप मी ऐकले असते. ऐकले असते ना? हे मी आता खात्रीने सांगू शकत नाही, आणि तेवढ्यापुरती का होईना, तिने माझी स्वतःविषयीची खात्रीही नेली आहे.

काठावरून

मी कौटुंबिक आणि व्यावसायिक तंट्यांत मध्यस्थीचे काम करते, म्हणून पुढे काय करता येईल याविषयी थोडे लिहिते. क्षमा करावी की नाही हे सांगण्याचा अधिकार येथे कोणालाच नाही.

माझ्याकडे येणारे बहुतेक लोक क्षमा आणि विश्वास यांची गल्लत करतात. फसवणारा म्हणतो, “तू मला माफ केलेस ना, मग अजून विचारतोस का?” आणि फसवला गेलेला गप्प होतो. क्षमा ही एकाच्या मनात, एकाच बैठकीत होऊ शकते आणि तिला समोरच्याची गरजही नसते. विश्वासाला दोघे लागतात आणि काळ लागतो. मॉरिस श्वाइट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले की केवळ अविश्वासार्ह वागण्यामुळे तुटलेला विश्वास पुढील सातत्यपूर्ण चांगल्या वर्तनाने बऱ्याच अंशी सांधला जातो. त्याच वागण्याला फसवणुकीची जोड असेल तर क्षमायाचना, वचन आणि चांगले वर्तन या सर्वांनंतरही तो पूर्वपदावर पूर्णपणे येत नाही. दुसरी बाजू यांच्या सहकाऱ्याने हेच एका वाक्यात सांगितले आहे.

रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये क्षमायाचनेचे सहा घटक वेगळे करून पाहिले होते. लोकांच्या लेखी सर्वांत जास्त वजन ‘चूक माझी आहे’ या स्वीकाराला होते, त्याखालोखाल नुकसान भरून देण्याच्या तयारीला, आणि सर्वांत कमी ‘मला क्षमा कर’ या विनंतीला. माझा अनुभव याला पूर्ण दुजोरा देतो. क्षमा मागणे म्हणजे पुन्हा समोरच्याकडेच काहीतरी मागणे असते.

आता एक सूचना, आपल्याला योग्य वाटली तरच. आपण लिहिले आहे की प्रत्येक आठवण हातात घेऊन तपासावी लागते आहे. हे काम आपले नाही. काय खरे आणि काय खोटे होते हे तिला ठाऊक आहे, आपल्याला नाही, आणि तरीही खणत बसण्याचे श्रम आपल्या वाट्याला आले आहेत. तिला सांगा की तिने सगळे क्रमवार लिहून द्यावे. काय घडले, केव्हा, तेव्हा आपल्याला काय सांगितले आणि वस्तुस्थिती काय होती. कारणे नकोत, समर्थन नको, क्षमायाचनाही नको. मी अनेकांना हे सुचवले आहे. काही जण लिहायला नकार देतात, आणि तेही एक उत्तर असते. जे लिहितात त्यांच्या लेखनात बहुधा आपल्याला माहीत नसलेले एखादे खोटे निघते. ते वाचण्याची तयारी असेल तरच हे मागावे.

पारिजात

काठावरून यांची सूचना वाचून मी काल ताईला पत्र लिहिले. नऊ वर्षांत प्रथमच विचारले की त्या सात महिन्यांत आई माझ्याविषयी काय बोलत असे.

मंदज्योत

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. उशिराबद्दल क्षमस्व.

मी तिला सांगितले आणि तिने लिहून दिले. नऊ पाने आहेत, हाताने लिहिलेली, तारखांसह. मी ती एका बैठकीत वाचू शकले नाही. काठावरून, आपण म्हणालात तसेच झाले. माझ्या आजारपणाच्या काळातील एका नोंदीत तिने लिहिले आहे की दुसरे पत्र तिने त्याच दुपारी, मी झोपलेली असताना, माझ्याच खोलीत बसून लिहिले होते. मला बरे वाटावे म्हणून त्यातला सूर मुद्दाम मवाळ ठेवला होता, आणि वाचताना रडू आले ते मी खरोखर आनंदले म्हणून. पुढच्याच पानावर आणखी एक गोष्ट आहे, जी या पुस्तकाच्याही आधीची आहे आणि मला अजिबात माहीत नव्हती. ती येथे लिहिण्यासारखी नाही. ती वाचून मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही. पण ती लिहायला तिला कोणी भाग पाडले नव्हते, ती मला कधी कळलीही नसती, आणि तरीही तिने ती लिहिली.

आम्ही एकदा भेटलो. ती फारसे बोलली नाही, आणि क्षमा मागितली नाही, कारण मीच तसे सांगितले होते. मी तिला विचारले की चौथ्या प्रकरणाविषयीचा तो आक्षेप, निष्कर्ष निरीक्षणांच्या पुढे धावतो हा, खरोखर तिचे मत होते की पत्राला वजन यावे म्हणून घातला होता. ती म्हणाली, “ते माझे पहिल्यापासूनचे मत होते.” मी तिच्यावर विश्वास ठेवला की नाही हे मला सांगता येत नाही. पण घरी येऊन मी ते प्रकरण पुन्हा वाचले आणि मत बरोबर आहे.

हस्तलिखित मी गेल्या आठवड्यात स्वतः पाठवले आणि पोहोच मिळाली. शीर्षकपृष्ठावर दोघींची नावे आहेत, कारण निरीक्षणे दोघींची आहेत आणि ती खोटी नाहीत. त्यांतील प्रत्येक नोंद मी आता मूळ वहीशी ताडून पाहिली आहे. प्रस्तावनेच्या शेवटी एक वाक्य होते, दीड वर्षापूर्वी लिहिलेले, ज्यात मी त्या अनाम वाचकाचे आभार मानले होते. ते मी पाठवताना काढले. तिच्या नऊ पानांबरोबर ते एका पाकिटात ठेवले आहे.